पानं चार आली

८ फेब्रुवारी २०२६, रविवार
बाळकुम

मालनआत्या,

दिवाळीत पाठवलेल्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की आमच्या नळीतला धागा ही मिठागरातली जुनी पद्धत आहे आणि विद्यापीठाच्या अर्जात मी तसंच नोंदवलं आहे. ती पद्धत जुनी नाही. मिठागरात असा धागा कधीच नव्हता. तो तू काढलास, १८ ऑगस्ट २०२४ला, रविवारी दुपारी, कोपरच्या तुझ्या खोलीत. चहा उकळेपर्यंत तुझं सांगून झालं होतं.

तू नळी एकदाच पाहिलीस, म्हणून पुन्हा सांगते. मुतखड्याच्या माणसाने दिवसभरात पुरेसं पाणी प्यायलं की नाही, हे त्याला घरच्या घरी कळावं यासाठी ती आहे. नळीत लघवी घ्यायची. आत तीन मणी असतात, तिन्हींचं वजन वेगवेगळं. लघवी दाट असली की मणी तरंगतात. एक तरंगला तर पाणी प्या, दोन तरंगले तर भरपूर प्या, तिन्ही वर आले तर डॉक्टरकडे जा. वाचता न येणाऱ्यालाही समजतं. मिठागरात पाणी किती दाट झालंय ते पाहायला तू मेणाच्या गोळ्या टाकायचीस, त्यात बांगडीच्या काचेचा चुरा मळलेला असायचा. तो खेळ मी लहानपणी परातीत खेळले होते. तिथूनच मला हे सुचलं. एवढा भाग माझा आहे आणि तो मी माझा म्हणते.

पण नळी खोटं बोलत होती. मण्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटायचे आणि बुडायचा तो मणी वर राहायचा. तीस रुग्णांपैकी अकरा जणांत चुकीचं उत्तर आलं. सहा महिने मी आणि माझे मार्गदर्शक हरिहर सर यांनी मण्यांना नाना तऱ्हेचे लेप देऊन पाहिले. मग मी तुझ्याकडे आले. मिठागराचं विचारायला आलेय असं म्हणाले, कारण नुसतं भेटायला यायची माझी हिंमत नव्हती.

तू शेवंतीचा हार ओवत होतीस. नळी हातात घेतलीस, उजेडाकडे धरलीस आणि म्हणालीस, "मोकळे कशाला सोडलेस? ओव ना. सैल ओव. धागा वरनं हिसडला की बुडबुडा पडल." मी विचारलं, खाली गाठ मारू का? तू म्हणालीस, "गाठ नको, गाठीला मणी अडकल. खाली वजन बांध, पितळेचा दाणा." मग मी वहीत लिहायला लागले तेव्हा म्हणालीस, "त्यात काय लिवतेस. आगरात असंच करायचे."

हे शेवटचं वाक्य मी खरं धरलं. धागा आणि वजन घातल्यावर तीसपैकी एकाच जणात चूक आली. शून्य नाही, एक. गेल्या वर्षी २० मार्चला विद्यापीठाने पेटंटचा तात्पुरता अर्ज केला. माहितीच्या कागदावर मी लिहिलं: "धाग्याची कल्पना ठाणे खाडीच्या मिठागरांतील पारंपरिक पद्धतीवरून." मला वाटलं, हेच प्रामाणिकपणाचं आहे.

आता पूर्ण अर्जाची वेळ आली. आमचे पेटंटचं काम पाहणारे साकेत म्हणाले की पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, तेव्हा ती पद्धत नेमकी काय होती ते विचारून घ्या. म्हणून मी मिठागरात तुझ्याबरोबर काम केलेल्या ठमाबाईकडे गेले. ती आता टॉवरच्या सातव्या मजल्यावर असते आणि गॅलरीत बसून खाडी कुठे होती ते बोटाने दाखवते. नळीचं मी काही बोलले नाही. एवढंच विचारलं की आगरात मणी धाग्यात ओवून पाणी बघायचे का.

ती हसायलाच लागली. "धागा? आगरान धागा कशाला गो? आमी अंडा टाकाचो. अंडा वर आला का पानी पिकला. गोल्या-बिल्या करणारी एकटी मालन. तवा आमी तिला हसाचो." मग म्हणाली, "तुना कोनी सांगला, आगरातला हाय म्हनून? तिनाच ना? ती पयल्यापासून तशीच. सोताचा डोका लावाचा आन म्हनाचा, जुना हाय."

आत्या, मी जिना उतरून खाली आले आणि बाकावर बसले. मला एकेक आठवायला लागलं. चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून तू पत्र्याचा वाकडा पाइप बसवलास तेव्हा आजोबांना म्हणालीस, आगरात असंच करतात. कोंबड्यांच्या खुराड्याला आपोआप पडणारी फळी केलीस तीही आगरातली. स्वतःचं म्हटलंस की घरात "लय शहाणी" ऐकायला लागायचं, आगरातलं म्हटलंस की दुसऱ्या दिवशी खिळे मिळायचे. हे मला आता कळतंय. तेव्हा मला खरंच वाटायचं की आगरात सगळ्या जगाचं ज्ञान आहे.

तर धागा तुझा आहे. पेटंटच्या अर्जात शोध लावणाऱ्यांची नावं द्यावी लागतात आणि तुझं नाव नसेल तर तो अर्ज खोटा आहे. मला तो खोटा करायचा नाही. पूर्ण अर्जाची शेवटची तारीख २० मार्च आहे. मी सरांशी उद्या बोलते.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

कल्पिता

१५ फेब्रुवारी २०२६, रविवार
बाळकुम

मालनआत्या,

आज महाशिवरात्र, तुला मान वर करायला वेळ नसेल. हे पत्र दोन-तीन दिवसांनी वाच.

सरांशी बोलायला सोमवार जमला नाही, मंगळवारी बोलले. सोमवारी त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले, हेही लिहून टाकते. मंगळवारी साकेतही होते, ते बरं झालं.

सर कागद बघून म्हणाले, "हे तिसरं नाव कोणाचं?"

"माझ्या आत्याचं, सर."

"कुठल्या संस्थेत आहेत?"

"कोपर स्टेशनच्या बाहेर, पश्चिमेला. फुलं विकते."

साकेत खाली बघून हसले. सर हसले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत, आत्या. त्यांना या नळीचं माझ्याइतकंच वेड आहे. म्हणाले, "कल्पिता, बाहेरच्या माणसाचं नाव घातलं की कुलसचिवांची सही, त्यांची सही, करार. महिना हातात आहे. तू प्रबंधात त्यांचे आभार मान. चांगला मोठा परिच्छेद लिही."

मी म्हटलं, "सर, आभार मी चहाचे मानीन. धागा आभारात बसत नाही."

हे मी बोलले याचं मला अजून आश्चर्य वाटतंय.

मग साकेतनी अर्जाचा पहिला दावा मोठ्याने वाचला. दावा म्हणजे आम्ही नक्की कशावर हक्क सांगतो ते वाक्य. "एका सामाईक धाग्यावर सैल सरकणारे, भिन्न घनतेचे तीन मणी, धाग्याच्या खालच्या टोकास वजन." त्यांनी मला विचारलं, "त्या बाई त्या दिवशी जे बोलल्या ते काढून टाकलं तर यातलं काय उरतं?"

"तीन मणी."

"तीन मणी नवीन नाहीत. असले मणी बॅटरीचं पाणी तपासायला कधीपासून वापरतात." मग सरांना म्हणाले, "सर, नाव घालणं ही अडचण नाही. नाव नसणं ही अडचण आहे. उद्या कोणी विचारलं तर पेटंट उभंच राहणार नाही."

सर बराच वेळ नळी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "सहा महिने आपण लेप लावत बसलो." आणि थोड्या वेळाने, "हार ओवता ओवता?" मी म्हटलं, "शेवंतीचा." त्यांनी हो म्हटलं.

आता तुला नीट समजावं म्हणून लिहिते. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नकोस. पहिली, शोध कोणी लावला ते नाव. ते तुझं, माझं आणि सरांचं. ते कोणाला देता येत नाही आणि कोणी घेऊ शकत नाही. दुसरी, पेटंटची मालकी. ती विद्यापीठाकडे जाते, कारण अर्ज तेच करतात, खर्च तेच करतात, कंपनीशी बोलणारही तेच. त्यासाठी आपण तिघांनी आपापला हक्क विद्यापीठाला लिहून द्यायचा असतो. मी दिलाय, सरांनी दिलाय. तू दिल्याशिवाय विद्यापीठाला तो पूर्ण मिळत नाही. पुढे कोणी नळी बनवायला घेतली आणि काही आलं, तर शोध लावणाऱ्यांचा जो वाटा असतो त्यात तुझा वाटा सारखा असेल. काही येईलच असं मी म्हणत नाही. बहुतेक पेटंटांचं काही येत नाही.

म्हणजे तुला पुन्हा एका कागदावर हक्क सोडायला सांगतेय. हे मला लिहिताना कळलं नव्हतं, वाचताना कळलं. तरी लिहिलेलं खोडत नाही.

सोबत कराराची प्रत आहे, पाच पानं. इंग्रजीत आहे, म्हणून मूळ कागदाच्या प्रत्येक पानावर बाजूला मराठीत पेन्सिलने लिहून मग झेरॉक्स काढलंय. सही करू नकोस, आधी फक्त वाच. तुझं नाव कसं घालायचं तेही कळव. आणि एक रकाना आहे, "संस्था व हुद्दा". कार्यालयातली बाई म्हणाली, रिकामा सोडता येत नाही. मी सध्या "फूलकाम, कोपर" लिहिलंय. तुला दुसरं काही हवं असेल तर सांग.

कल्पिता

२४ फेब्रुवारी २०२६, मंगळवार
बाळकुम

मालनआत्या,

तुझं कार्ड काल आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन शब्द: "पानं चार आली."

मी आधी वाचलं, मग बसले, मग परत वाचलं. तारीख नाही, नाव नाही, पण तुझा र अजून तसाच आहे, पोट फुगलेला. मीठ पसरलेल्या परातीत तोच र तू मला गिरवायला लावायचीस.

आज सकाळी विद्यापीठात पोचल्या पोचल्या झेरॉक्सच्या मशीनवर गेले. राहिलेलं पान तिथे नव्हतं. शेजारी एक खोकं असतं, लोकांची राहिलेली पानं त्यात टाकतात. त्यात वरून सातवा कागद माझा होता, करारातलं चौथं पान. झाकण उघडून मूळ कागद उचलला तेव्हा चौथी प्रत ट्रेमध्ये अडकली असणार. म्हणजे मी पाच म्हणून लिहिलं आणि न मोजता चार पाठवली. आणि नेमकं ते पान असं की त्यावर लिहिलंय, हा हक्क कायमचा आणि परत न घेता येणारा.

पान सोबत पाठवते. प्रत्येक पानावर मोठा आकडा घातलाय.

ते मुद्दाम झालं नाही. पण हे वाक्य तुला लिहायचा मला अधिकार नाही, आणि का नाही ते आपल्या दोघींना ठाऊक आहे. किंवा तुला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं आज लिहिते.

२०१०. मी बारा वर्षांची. तुझे डोळे आले होते, दोन्ही, आणि तू पदर ओला करून डोळ्यांवर धरून बसली होतीस. निबंधक कार्यालयाच्या बाहेरचं हिरवं बाकडं. बाबा म्हणाले, फक्त खाडीकाठच्या खाजण जमिनीचं हक्कसोडपत्र आहे, बहिणी सोडतात, आपल्याकडे रीतच आहे. तू म्हणालीस, "सोडते. पण ऐकून सोडते. कल्पिता वाचल." बाकड्यावरच्या लोकांकडे बघून म्हणालीस, "माझ्या शाळेतली आहे ती. आठ वर्षांची होईस्तवर मीच शिकवली."

ते खरं होतं. मला झटके यायचे म्हणून शाळेत घालत नव्हते. वाचायला तू शिकवलंस, आणि एक नियम केलास: बोट ओळीवरून उचलायचं नाही, ओळ सुटली तर ते वाचणं खोटं.

मी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. पान उलटताना बाबांनी हात पुढे केला आणि दोन कागद एकदम उलटले गेले. खाली आकडा होता ४. मला तो दिसला. माझं बोट त्या आकड्यावर होतं.

बाबांनी मुद्दाम केलं की कागद चिकटले होते, हे मला आजही माहीत नाही. ते मी तुला सांगू शकत नाही. पण मला दिसलं आणि मी थांबले नाही, हे माहीत आहे. बाबा माझ्याकडे बघत होते. मी "तसेच" या शब्दापासून पुढे वाचत गेले. तू म्हणालीस, "शाबास, एकदाही अडखळली नाय." आणि सही केलीस.

दोन वर्षांनी घर पाडून टॉवर उभा राहायचा ठरला, तेव्हा तिसरं पान काय होतं ते बाहेर आलं. घरातली तुझी खोलीही त्यात होती. तू भांडली नाहीस. ट्रंक उचललीस आणि कोपरला गेलीस. जाताना मला एवढंच म्हणालीस, "अभ्यास कर." तुला काय वाटलं असेल? की मी ते पान वाचलं होतं आणि तुला ऐकू आलं नाही? की मी वाचलंच नाही? तू कधी विचारलं नाहीस. चौदा वर्षं मी वाट बघतेय की तू विचारशील, म्हणजे मला सांगावं लागेल. आता तू कार्ड लिहिलंस, तेव्हा हे विचारलंस असं धरते.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. माफी हवी आहे, पण त्यासाठी लिहिलेलं नाही. तू पानं मोजून मला कळवलंस ते बरोबर केलंस.

कल्पिता

१ मार्च २०२६, रविवार
बाळकुम

मालनआत्या,

गुरुवारी निबंधक कार्यालयात जाऊन मी २०१०च्या दस्ताची प्रत काढली. अर्ज केल्यावर मिळते, मला उगाचच वाटत होतं की मिळणार नाही. बाकडं आता लोखंडी आहे.

पूर्ण प्रत सोबत आहे. आठ पानं. मी तीनदा मोजली, मग शेजारच्या बाईंना मोजायला लावली. तिसऱ्या पानावर खुणेला कागद लावलाय.

आणि एक वेगळा कागद आहे. त्या दिवशी मी काय पाहिलं ते त्यावर सरळ लिहून खाली सही केली आहे, तारखेसह. त्याचं काय करायचं ते तू ठरव. वकिलाला दाखवायचा असेल तर दाखव, मी येऊन तेच सांगेन. चुलीत घालायचा असेल तर घाल. पण या कागदाचा आणि नळीच्या कराराचा काही संबंध नाही. तू करारावर सही केली नाहीस तरी हा कागद तुझाच. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण मी तुला काही देऊन सही घेतेय असं कोणाला, मलाही, वाटायला नको.

बाबांना काल सांगितलं. न सांगता पाठवणं मला पटेना. ते टीव्ही बघत होते.

"बाबा, आत्याला दस्ताची प्रत पाठवतेय. आणि मी तिला तिसऱ्या पानाचं सांगितलं."

त्यांनी आवाज बंद केला. "आता कशाला त्या गोष्टी काढतंस? सोला वर्सं झाली."

"मुद्दाम उलटलं होतं का?"

"बहिनी सोरतात गो. रीत हाय आपली."

"रीत होती तर पान वाचून का नाही दाखवलं?"

मी तिथेच उभी राहिले. पूर्वीची असते तर आत गेले असते. शेवटी म्हणाले, "कागद चिकटलं व्हतं." मग म्हणाले, "मना दिसला व्हता." आणि टीव्हीचा आवाज परत लावला.

एवढंच. जसं बोलले तसं लिहिलंय, काही गाळलं नाही, काही घातलं नाही. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "ती नली का काय ती, त्यान मालनचा नाव खरंच येनार?" आई म्हणाली, "सरकारी कागदावर येणार म्हणे." बाबा म्हणाले, "पयल्यापासून तिचा डोका चालाचा." हे त्यांनी तुला कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून मी सांगते.

सरांनी शुक्रवारी विचारलं, "आत्यांचं काय?" मी म्हटलं, ती वाचतेय. ते म्हणाले, "किती पानं आहेत त्यात?" मी म्हटलं, "पाच, सर. पण तिला तेरा वाचायची आहेत." त्यांना समजलं नाही आणि मी समजावलं नाही.

तू नाही म्हणालीस तर काय, हेही ठरवलंय. धागा तुझा असल्यामुळे तुझ्या संमतीशिवाय मी अर्जावर सही करणार नाही, आणि सरांनाही तसं सांगितलंय. म्हणजे तात्पुरता अर्ज २० तारखेला बाद होईल. प्रबंध राहील, नळी राहील, कोणीही बनवू शकेल. ते काही वाईट नाही. मला यातली कुठलीही गोष्ट चालेल. तुझं नाव गाळलेला अर्ज मात्र चालणार नाही.

कल्पिता

१२ मार्च २०२६, गुरुवार
बाळकुम

मालनआत्या,

तुझं पाकीट आज आलं. उघडायच्या आधी मी ते उजेडाकडे धरलं आणि आत काहीतरी हललं, तेव्हा वाटलं फाडलेला कागद असेल. तो धागा निघाला. दोन धागे, दोन्हींना गाठ मारून चिठ्ठ्या. एकीवर "तुझा", दुसरीवर "हा घे".

तुझी चिठ्ठी मी इथे पुन्हा उतरवून काढते, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल:

"त्या दिवशी माझ्या हाराचा धागा नळीसाठी नेलास तो सुती होता. सुती भिजला की फुगतो, मग मणी सरकत नाही. त्या एका रुग्णाचं तेच झालं असणार. मी तेव्हाच सांगणार होते, पण हार द्यायचे होते. गजऱ्याला आम्ही हल्ली नायलॉनचा वापरतो, तो घे. कल्याणच्या फूलबाजारात मिळतो, बारीक माग. नाव मालन चांगदेव भोईर लिही. नवऱ्याचं नको. फूलकाम कोपर ठीक आहे. पानं मोजली. पाच आणि आठ. तुझा वेगळा कागद मिळाला, तो मी ट्रंकेत ठेवलाय, चुलीत घातला नाही. सही करायच्या आधी पाचच्या पाच पानं मला मोठ्याने वाचून पाहिजेत. डोळे बरे आहेत माझे. तरी."

खाली सही नाही. तुझा "तरी" मी बराच वेळ बघत बसले.

आता कामाचं लिहिते. त्या रुग्णाची नळी मी जपून ठेवली होती. दुपारी भिंगाखाली पाहिली. धागा फुगलाय, मधल्या मण्याचं भोक घट्ट बसलंय. तू म्हणतेस तेच. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "या बाई आपल्याकडे एक दिवस आल्या असत्या तर." मी म्हटलं, "सर, आपल्याकडे कोणी बोलावलं होतं?" मग मलाच वाईट वाटलं, कारण बोलवायचं ते मीच बोलवायला हवं होतं. ते म्हणाले, नायलॉनचा धागा हा वेगळा दावा म्हणून अर्जात घालायला हवा. साकेतनी तो संध्याकाळपर्यंत घातलाही. म्हणजे आता दोन दावे तुझे आहेत. दुसरा तू आगरावर न ढकलता पाठवलास.

हल्ली मला वाटतं, मिठागरातून माझ्याकडे खरंच काही आलं असेल तर ते मीठ पसरलेली परात आणि बोट. बाकीचं सगळं तुझं होतं.

तुझ्या अटी मान्य आहेत. वाचण्याची पद्धत मी ठरवली आहे, तुला पटत नसेल तर तिथे आल्यावर बदलू. प्रत्येक पान सुरू करताना मी त्याचा आकडा मोठ्याने म्हणेन. बोट ओळीवर राहील. पान उलटायचं तू, मी नाही. एखादा शब्द मला कळला नाही तर मी थांबेन आणि कळला नाही असं म्हणेन, घाईत पुढे जाणार नाही. कंटाळा आला तर तू हार ओवत ऐक. सगळं ऐकून नको वाटलं तर कागद परत पिशवीत जाईल, आणि मी चहा पिऊन निघेन. त्याआधी नाही.

पाडवा १९ला आहे. १७ आणि १८ला तुला झेंडूच्या माळांतून श्वास घ्यायला फुरसत नसेल, हे मी धरलंय. २०ला मुदत संपते. म्हणून माळांची गर्दी सुरू व्हायच्या आधीचा, १६चा दिवस घेतलाय. सकाळी तू कल्याणहून फुलं घेऊन परततेस ती वेळ मी विचारून घेतली आहे, कोणाकडून ते सांगत नाही. बारीक नायलॉनची दोन रिळं मी येताना घेऊन येईन, तू निवडून दे.

मी एकटीच येतेय. बाबा म्हणाले, मी येऊ का? मी म्हटलं, तिने बोलावलं तर.

सोमवार, १६ मार्च २०२६, सकाळी साडेदहा वाजता, कोपर पश्चिम, तुझ्या खोलीत. पान पहिलं.

कल्पिता